गर्भावस्थेव्यतिरिक्त होणारा दुग्धस्राव : एक कारणमीमांसा

प्रस्तावना :
गर्भावस्था वा स्तनपान यांचा संबंध नसताना स्तनांतून दुधासारखा स्राव येणे, यास वैद्यकशास्त्रात 'गॅलॅक्टोरिया' असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील अन्य बिघाडाचे लक्षण होय. अविवाहित मुलीस असा स्राव होऊ लागल्यास तिच्या चारित्र्याविषयी शंका घेतली जाण्याची भीती असते. त्या भीतीपोटी लक्षण लपविले जाते आणि मूळ कारण उपचाराविना राहते. म्हणूनच या लक्षणामागील शास्त्रीय कारणे जाणून घेणे अगत्याचे आहे.

शरीरातील यंत्रणा :
मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे 'प्रोलॅक्टिन' हे संप्रेरक दुग्धनिर्मिती घडवून आणते. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून येणारे 'डोपामिन' हे रसायन या संप्रेरकावर सतत लगाम ठेवते. हा लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन वाढते. वाढलेले प्रोलॅक्टिन बीजांडकोशाचे कार्य मंदावते. त्यामुळे मासिक पाळी अनियमित होते वा थांबते. दुग्धस्राव व पाळी बंद होणे यांतील संबंधाची नोंद प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रंथातही आढळते. मात्र मानवी प्रोलॅक्टिन हे वृद्धिसंप्रेरकाहून वेगळे असल्याचे १९७० च्या सुमारासच सिद्ध झाले.

प्रमुख कारणे :
१) औषधे : हे वारंवार आढळणारे, तरीही सहज दुर्लक्षिले जाणारे कारण होय. उलटी व आम्लपित्त यांवरील मेटोक्लोप्रमाइड, डोम्पेरिडोन व लेव्होसल्पिराइड, तसेच मानसिक आजारांवरील रिस्पेरिडोन, ॲमिसल्पिराइड, हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामिनचे कार्य रोखतात. आम्लपित्तावरील अनेक संयुक्त गोळ्यांत डोम्पेरिडोन वा लेव्होसल्पिराइड असते, याची रुग्णास बहुधा कल्पना नसते.

२) थायरॉइडची न्यूनता : या विकारात हायपोथॅलॅमसमधील 'टीआरएच' वाढते. ते थायरॉइडबरोबरच प्रोलॅक्टिनलाही चालना देते. थायरॉइडच्या गोळ्यांनी स्राव सहसा थांबतो.

३) पीयूषिका ग्रंथीची गाठ : 'प्रोलॅक्टिनोमा' ही गाठ बहुतांशी कर्करोगाची नसते. ती १० मिलिमीटरपेक्षा लहान असल्यास सूक्ष्म गाठ मानली जाते. मोठ्या गाठीमुळे डोकेदुखी होते व दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. कॅबरगोलीन वा ब्रोमोक्रिप्टीन या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रिया टळते.

४) अन्य कारणे : मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, छातीवरील नागीण, भाजणे वा शस्त्रक्रियेची जखम, तसेच स्तनाग्रे वारंवार दाबून पाहणे. काही स्त्रियांत प्रोलॅक्टिन प्राकृत असूनही स्राव होतो व कारण सापडत नाही.

निदानाचा क्रम :
प्रथम गर्भधारणा नसल्याची खात्री, त्यानंतर घेतल्या जाणाऱ्या सर्व औषधांची यादी, पुढे प्रोलॅक्टिन, थायरॉइड व मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या आणि आवश्यकता भासल्यास एमआरआय, असा क्रम असावा. ताणामुळेही प्रोलॅक्टिन काहीसे वाढते. म्हणून किंचित वाढ आढळल्यास चाचणी पुन्हा करावी. मानसिक आजारावरील औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये. एकाच स्तनातून रक्तमिश्रित वा पाण्यासारखा स्राव येत असल्यास तो गॅलॅक्टोरिया नव्हे. कर्करोगाच्या शक्यतेमुळे त्याची तपासणी त्वरित व्हावयास हवी.

समारोप :
वरीलपैकी बहुतेक कारणे उपचारसाध्य आहेत. काही तर केवळ वैद्यकीय सल्ल्याने गोळी बदलल्याने दूर होतात. महाविद्यालयात विद्यार्थिनी आपली अडचण प्रथम एखाद्या प्राध्यापिकेस सांगण्याचा संभव असतो. अशा वेळी तिच्या वर्तनाची चौकशी न करता 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारणे आणि तिला डॉक्टरांकडे पाठविणे, हेच शास्त्राला व माणुसकीला धरून होईल.