निळा डाग

घरच्या घरी विमान बांधणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, ‘उडाले का?’ कांदिवलीच्या चारकोपमधील कॅप्टन अमोल यादव यांनी लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून आकाशात गेले. ते उडाले म्हटल्यावर आम्हा बघ्यांची उत्सुकता तेथेच संपली. विमान उडाल्यावर त्याच्या मालकाचे काय होते, ही चौकशी कोण करतो?

आम्हा कल्याणकरांना तर विमान म्हटले की नेवाळी आठवते. दुसऱ्या महायुद्धात तेथे शेतजमिनी घेऊन विमानतळ केला गेला आणि त्या जमिनींचा तंटा जून २०१७ मध्ये पुन्हा रस्त्यावर आला. म्हणजे आमच्याकडची विमानाची गोष्टही शेवटी जमिनीचीच! तेव्हा मी मराठीचा मास्तर, विमानाच्या पेट्रोल-टाकीवर काय लिहिणार, असे वाचकांना वाटले तर त्यात नवल नाही. पण माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याने चार वर्षे खपून गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधले आहे आणि त्या विमानात बसण्यासाठी माझी ताई कल्याणहून तिकडे गेली आहे. आता तरी मला बोलायचा अधिकार आहे ना?

ताईला दसऱ्याला वर न्यायचे ठरले होते. चार दिवस आधी भाच्याचा व्हिडिओ-कॉल आला.

“मामा, टाकी गळतेय.”

“किती?”

“अर्धा इंच.”

गळती इंचात मोजतात हे मला नवीन होते. त्याने दाखवले. पंखाच्या खालच्या बाजूला एका रिव्हेटभोवती फिकट निळा डाग होता. छोट्या विमानांच्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग देतात. पेट्रोल उडून जाते, रंग मागे राहतो आणि चोर पकडून देतो. विमानदुरुस्तीच्या पुस्तकांत या मोजणीची रीतच ठरलेली आहे. जागा पुसून कोरडी करायची आणि अर्ध्या तासात ओल किती पसरते ते पाहायचे. पाऊण इंचापर्यंत पहिली पायरी, दीड इंचापर्यंत दुसरी, तीन इंचांपर्यंत तिसरी आणि धार लागली की चौथी. आपल्या भाषेत यासाठी शब्द कधीचे तयार आहेत: ओल, पाझर, ठिबक, धार. मातीच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढलेल्या लोकांची भाषा ही. गळण्याच्या बाबतीत ती कशी उणी पडेल?

पंखाच्या उघड्या पृष्ठभागावर पहिल्या पायरीची ओल असेल तर नजर ठेवून उडता येते. तीच ओल विमानाच्या बंद पोटात असेल, तर मात्र एक थेंबही चालत नाही, कारण तेथे वाफ कोंडते. भाच्याचा डाग उघड्यावर होता. नियमाने तो उडू शकत होता. पण रिव्हेट पंखाच्या मुळाशी, म्हणजे पोटाच्या अगदी जवळ होते, आणि शेजारच्या आसनावर आई बसणार होती. त्याने उड्डाण रद्द केले. ताई म्हणाली, “दसरा गेला तर जाऊ दे रे, पाडवाही मुहूर्तच आहे.” साडेतीन मुहूर्तांचा हा उपयोग आमच्या पूर्वजांच्या मनातही आला नसेल.

अशा विमानात पंखाच्या पुढच्या कडेचा पोकळ भाग हीच टाकी असते. ॲल्युमिनियमचा पत्रा, आत उभ्या फासळ्या, शेकडो रिव्हेटे, आणि प्रत्येक सांध्यात मधासारखा दाट, जोड-डब्यातून कालवायचा पॉलिसल्फाइडचा लेप. तो हाताला लागला की सुटत नाही. ताईच्या एका साडीची त्याने कायमची आठवण करून ठेवली आहे. सुकल्यावर तो रबरासारखा लवचिक राहतो, म्हणून पंख लवला तरी सांधा धरून ठेवतो.

शोध मात्र स्वस्तातल्या संशयितांपासून सुरू करायचा. झाकणाची रबरी कडी, खालच्या निचऱ्याच्या तोटीची कडी, पेट्रोल मोजणाऱ्या काट्याच्या चकतीखालचे पॅकिंग. झाकणाची कडी वाटते त्याहून कारस्थानी असते. उडताना पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो आणि सैल झाकणातून पेट्रोल चक्क वर शोषले जाते. जमिनीवर सारे कोरडे ठणठणीत! भाच्याच्या टाकीत हे तिघेही निर्दोष निघाले.

मग टाकी रिकामी करून, पंखावरून उतरवून तिची तोंडे बंद केली आणि हवेच्या नळीला साधा फुगा बांधून आत हवा सोडली. फुगा कशाला? पत्रा वाचावा म्हणून. दर चौरस इंचाला एक पौंड हा दाब ऐकायला किरकोळ. पण एका चौरस फूट पत्र्यावर तो १४४ पौंडांचा भार होतो, म्हणजे टाकीवर आतून एक धट्टाकट्टा माणूस रेलल्यासारखेच. कंप्रेसर लावून घाई करणाऱ्यांच्या टाक्या फुगतात आणि जुनी गळती बुजायच्या आत नव्या दहा उघडतात. फुगा बिचारा आधी स्वतः फुगतो. शिवाय तो हवामानही सांगतो: दुपारी टरारतो, रात्री सुरकुततो. त्यामुळे सकाळी फुगा बसलेला दिसला म्हणून टाकी फुटकी ठरत नाही. खरा पंच साबणाचे पाणी. आमच्या गल्लीतला सायकलवाला पंक्चर शोधायला ट्यूब घमेल्यात बुडवतो, गॅसवाला सिलिंडरच्या तोंडाला फेस लावतो, तीच ही विद्या.

बुडबुडे त्याच रिव्हेटाशी आले. इथे क्लबातल्या मित्रांनी जवळचा रस्ता सुचवला: टाकीत किंचित निर्वात करायचा आणि स्क्रू घट्ट करणारा पातळ हिरवा द्राव बाहेरून रिव्हेटावर सोडायचा, तो आत ओढला जातो आणि घट्ट होतो. रिव्हेटच सैल असेल तर हा उपाय चालतो, मी त्याला नावे ठेवत नाही. पण पेट्रोल बाहेर जेथे दिसते तेथेच ते आतून शिरलेले असते असे नाही. पत्र्याच्या दुमडीखालून ते हातभर चालत जाते. दारच बुजवले तर ते पुढचे दार ठोठावते.

भाच्याने आतल्या बाजूची तपासणीची झडप उघडून आरसा आणि बॅटरी आत घातली. फासळीच्या कोपऱ्यात, रिव्हेटापासून दोन विती दूर, लेपाची कड नखाएवढी सुटलेली होती. तो कोपरा त्यानेच तीन वर्षांपूर्वी लिंपलेला. अर्ध्याहून अधिक काम ज्याने स्वतः केले, त्याला तिकडे आपल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. मान मोठा, पण मग तक्रार कोणाकडे करायची?

आमच्या भाषेत फुटक्या भांड्याला झाळून बुजवण्यालाही डाग देणेच म्हणतात, डागडुजी तिथलीच. म्हणजे एक डाग गळती दाखवतो, दुसरा ती थांबवतो. मला ही कोटी फार आवडली होती, पण भाच्याने ती पुरी ऐकूनही घेतली नाही. “मामा, इथे झाळकाम अजिबात नाही!” कारण हवेत पेट्रोलची वाफ शेकडा सुमारे दीड ते साडेसात भाग असली की ठिणगी पुरते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची ती यामुळेच. जाळ लावण्याआधी अशी टाकी पाण्याने काठोकाठ भरून घेणारे वेल्डर आपल्याकडेही आहेत. ते जगले ते या सवयीमुळे. म्हणून आधी टाकीला वारा दिला, दिवसभर. मग सुटलेला लेप लाकडी पट्टीने खरवडला, धातूच्या पात्याने नव्हे, कारण ओरखडा पडला की तेथे पुढे तडा जातो. जागा ॲसिटोनने पुसली. ही पुसणीच खरी दुरुस्ती. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी नवा लेप धरत नाही. लेप बोटाने दाबून बसवायला दहा मिनिटे लागली. सुकायला आठवडा दिला.

गेल्या रविवारी टाकी पुन्हा चढवली, पेट्रोल भरले आणि पंखाखाली पांढरे कागद अंथरले. रात्री ताईचा फोन आला. ती दर तासाला बॅटरी घेऊन गॅरेजमध्ये जात होती.

“कागद कोरा आहे,” ती म्हणाली, “पण उजवीकडची टाकी कोणी बघितली का? तीही त्यानेच केलीय ना!”

भाचा आता उजव्या टाकीला फुगा बांधतो आहे.