पावसाळ्यात नटायचं, पण पाय रोवून!

मृगाच्या सरी सुरू झाल्या की पुरवण्यांमधून ‘मान्सून फॅशन’ची चित्रं झळकायला लागतात. मरीन ड्राइव्हवर उभी असलेली एखादी मॉडेल, हातात ठिपक्याठिपक्यांची छत्री, गुडघ्यापर्यंत फ्रॉक आणि पायात गुलाबी गमबूट. बघायला किती छान वाटतं! पण मैत्रिणींनो, हाच थाट करून जुलै महिन्यात पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सकाळच्या गाडीला उभं राहून बघा. छत्री उलटी होते, फ्रॉक अंगाला चिकटतो आणि गुलाबी गमबुटात पाणी डचमळायला लागतं.

आमच्याकडचा पाऊसच वेगळा. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पोलादपूर आणि तिथेच उगम पावणारी सावित्री पुढे महाडला येते. म्हणजे आपल्या वाटणीचा पाऊस आहेच, वर घाटमाथ्यावरचं पाणीही आपल्याच दारात!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी भाची. गेल्या जूनमध्ये तिला महाडच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली. पोलादपूर ते महाड हा अठरा-वीस किलोमीटरचा रोजचा प्रवास. पहिली नोकरी म्हणून हौसेने खरेदी झाली. पांढऱ्या लेगिंग्ज, फिक्या रंगाच्या कॉटन कुर्त्या आणि गुळगुळीत सोलची नाजूक सँडल. पहिल्या दोन दिवसांत लेगिंग्जवर मागून चिखलाची नक्षी उमटली. तिसऱ्या दिवशी भिजलेल्या कुर्तीतून आतलं सगळं दिसतंय म्हणून पोरगी एसटीत छातीशी पर्स धरून उभी राहिली, रिकामी सीट असून बसली नाही. आणि आठवड्याच्या शेवटी घराच्याच शेवाळलेल्या पायरीवरून सँडल सटकली. मनगट फ्रॅक्चर! नोकरीचा पहिला महिना प्लॅस्टरमध्ये गेला. “मावशी, मी साधे गबाळे कपडे घालून जाऊ का आता?” तिने रडवेल्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, “गबाळे कशाला? नीट निवडलेले घाल की!”

मग आम्ही दोघींनी कपाट उघडलं. सगळ्यात आधी जीन्स बाहेर. डेनिम पाणी पिते, जड होते आणि आपल्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. पतियाळा सलवार आणि जमिनीवर लोळणारा पलाझो म्हणजे चालता-फिरता पोछाच! त्याऐवजी घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट किंवा कुलॉट घ्या. कुर्ती गुडघ्यापर्यंतच हवी. कापड क्रेप, जॉर्जेट किंवा कॉटनमध्ये सिंथेटिक धागा मिसळलेलं असावं. ते अंगावरच्या अंगावर वाळतं. रंग निवडताना गडद निळा, मोरपिशी, वांगी, मरून असे घ्या आणि त्यावर भरगच्च प्रिंट असू द्या. प्रिंटमुळे ओलेपणा आणि चिखलाचे शिंतोडे दोन्ही लपतात, अंगही झाकलेलं राहतं. बांधणी आणि कलमकारीला मात्र चार महिने रजा द्या, रंग सुटला तर सोबतच्या कपड्यांचंही वाटोळं.

शाळेत, बँकेत साडी नेसून जाणाऱ्या मैत्रिणींचे हाल तर विचारूच नका. भिजलेला सुती परकर पायात असा काही गुंडाळतो की एसटीची पायरी चढणं मुश्कील होतं. त्यासाठी साटीनचा परकर वापरा, साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसा. फॉल लावण्याआधी तो भिजवून, वाळवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. स्कूटीवर जाणाऱ्यांनी पदर नि ओढणी रेनकोटच्या आतच खोचावी. चाकात अडकली तर काय होतं, हे सांगायला नको.

रेनकोटवरून आजीची आठवण झाली. आमची आजी लावणीला जायची ती इरलं घेऊन. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं दाबून बसवलेली. डोक्यापासून पाठ झाकणारं आणि पुढून उघडं. वाकून रोपं लावताना पाऊस पाठीवर पडतो, तेव्हा झाकायची ती पाठच! शिवाय दोन्ही हात मोकळे. पुढे त्यावर प्लॅस्टिकचा कागद आला. तिकडे स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं, आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या कारखान्याने ‘डकबॅक’ रेनकोट घरोघरी पोचवले. पण कामाला साजेसा आकार आणि हात मोकळे हे आजीच्या इरल्याचं सूत्र आजही रेनकोट घेताना कामाला येतं.

म्हणून भाचीला जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घेतला. टोपी अशी, की मान वळवली की तीही वळते. रंग चक्क हळदी पिवळा! “किती भडक आहे गं मावशी!” म्हणून तिने नाक मुरडलं. पण कशेडी किंवा आंबेनळी घाटात धुकं उतरलं की काळा-करडा रेनकोट घातलेली बाई ड्रायव्हरला दिसतच नाही. पिवळी, नारिंगी लांबून दिसते. आणि खरं सांगू? त्या कुंद हिरव्या हवेत पिवळा रंग फार खुलून दिसतो.

आता चपला. चामड्याची चप्पल जूनपासून माळ्यावर. अंगठ्याच्या स्लिपर चिखल थेट पाठीपर्यंत उडवतात. मागे पट्टा असलेली, खोल खाचांच्या सोलची रबरी सँडल सर्वांत उत्तम. आता त्यात सुंदर रंगही मिळतात. गमबूट शेतावर, बागेत ठीक. पण पाणी त्यांच्या वर गेलं की ते आतून भरतात आणि पाय उचलवत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर २२ जुलै २०२१ कोण विसरेल? महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा वेळी फॅशन कसली! पण पुरानंतरच्या दिवसांत मला स्वतःला सगळ्यात जास्त काय आठवलं असेल, तर एक जोड कोरडे आतले कपडे आणि पॅडचं पाकीट. मदतीत साड्या येतात, ब्लँकेटं येतात. हे मागायला मात्र आपण लाजतो. तेव्हापासून जूनमध्ये एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाऊन, आतले कपडे, टॉवेल आणि पॅड बांधून मी माळ्यावर ठेवते. छोटी पिशवी रोजच्या पर्समध्येही असते.

हे लक्षात ठेवा :

* घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या ठरलेल्या. भेगांना कोकमाचं तेल लावा.
* पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
* पाण्यातून जाताना सँडल हातात घेऊ नका. खाली काच, खिळा, उघडं गटार काहीही असू शकतं.
* ओल्या सँडलमध्ये रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरा.
* चुलीवरच्या दोरीवर कपडे वाळतात खरे, पण धुराचा वास बसतो. ऑफिसचे कपडे पंख्याखालीच वाळवा.

भाचीचं मनगट आता बरं आहे. यंदाही तो पिवळा रेनकोट घालूनच ती गाडीला उभी असते. परवा म्हणाली, “मावशी, स्टँडवर आणखी दोघीजणींनी विचारलं, कुठून घेतलास म्हणून!” मी मनात म्हटलं, चला, आमच्या पोलादपुरातही मान्सून फॅशन आली म्हणायची!