मांडवाची परवानगी: नेमकी कशाची?

गणपती जवळ आले की मुंबईतल्या मंडळांचे कार्यकर्ते महापालिकेच्या विभाग कार्यालयात दिसू लागतात. मांडवाचा कागद हाती आला की 'झालं, आता सगळं मोकळं' असा समज असतो. तो स्वाभाविक आहे, पण बरोबर नाही.

मांडवाची परवानगी म्हणजे ठरलेल्या मापाची सार्वजनिक जागा ठरलेल्या दिवसांपुरती वापरण्याची मुभा. लग्नासाठी शेजाऱ्याने अंगण दिलं, म्हणून रात्रभर बँड वाजवायला किंवा फरशी उखडायला त्याने होकार दिला असं होत नाही, तसंच हे.

महापालिका अर्जावर पोलीस, वाहतूक शाखा आणि अग्निशमन दलाची 'ना हरकत' (आमच्या खात्याची अडचण नाही, एवढंच सांगणारा दाखला) पाहते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब जाईल एवढा रस्ता उरतो का, हा त्यातला कळीचा प्रश्न. बांबूसाठी डांबरात खड्डे खणले तर दंड होतो, म्हणून जाणती मंडळं वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभे करतात. मांडववाल्याला हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ऐनवेळी पहार चालतेच.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, ती पोलिसांकडून. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. राज्य सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून, आणि तेही मध्यरात्रीपर्यंतच. वर्गणीचं खातं आणखी निराळं: मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते.