कुत्र्याच्या कॅल्शियमची बाटली घ्यावी का?

वरूडकडे संत्र्याच्या बागेत राखणीला कुत्रा ठेवतात. त्याच्यासाठी दुकानात कॅल्शियमची 200 मिलीची बाटली मिळते, आणि गाई-म्हशींसाठी 5 लिटरचा कॅन. दोन्हींच्या लेबलवर बहुधा तीच नावे असतात: कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्व डी-3, बी-12. म्हणून नुसता बाटलीचा भाव पाहू नका, किमतीला एकूण कॅल्शियमच्या ग्रॅमने भागा. समजा दोन्हींत 100 मिलीमागे 3 ग्रॅम आहे. मग बाटलीत 6 ग्रॅम झाले, कॅनमध्ये 150. लहान पॅकिंगचे, चवीचे आणि कुत्र्याच्या चित्राचे पैसे किती, ते लगेच कळते.

पण म्हणून कॅनमधले औषध अंदाजाने कुत्र्याला पाजू नका. त्यावरची मात्रा गाईची असते. 20 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पुरते. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचे विकार होतात, आणि डी-3 जास्त झाले तर मूत्रपिंड बिघडते. तयार संतुलित खाद्य खाणाऱ्या पिल्लाला तर वरून काहीच लागत नाही.

नुसत्या भाकरीवर असलेल्या कुत्र्याला मात्र कॅल्शियम खरेच कमी पडते, कारण धान्यात फॉस्फरस बराच आणि कॅल्शियम नावालाच असते. अशा प्रौढ कुत्र्याला अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक दळून अर्धा चहाचा चमचा पूड रोज खाण्यात मिसळावी. त्यातून 1 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. कुत्रा लंगडत असेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

जाता जाता: गाईचे खनिज मिश्रण मेंढ्यांनाही देऊ नका. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते.