पान पिवळे, कारण मुळाशी

खानदेशात केळी व कापसाच्या जोडीने लिंबू आणि मोसंबीच्या बागाही उभ्या आहेत. अशा बागेत पाने पिवळी पडू लागली, की पहिला विचार फवारणीचा होतो. परंतु पिवळेपणा हे केवळ लक्षण आहे. त्याचे कारण पुष्कळदा मातीत असते. आपल्या शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी ते आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम जमिनीचे रसायन पाहू. आपल्याकडील काळ्या जमिनींत अनेक ठिकाणी चुनखडी असते. तेथे सामू 8 च्या आसपास किंवा वर जातो आणि लोह व जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत. लोह कमी पडले, की कोवळी पाने पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. जस्त कमी पडले, की पाने लहान व अरुंद होतात.

दुसरा भाग सूक्ष्मजीवांचा. लिंबूवर्गीय झाडांना मूळरोम विरळ असतात. त्यामुळे मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी आपल्या तंतूंनी दूरचे स्फुरद व जस्त त्यांना आणून देते. स्फुरदाचे खत गरजेहून अधिक दिल्यास हे सहजीवन मंदावते.

त्याच मातीत फायटोप्थोरा हा बुरशीसारखा शत्रूही असतो. भारी जमिनीत पाणी साचले, की त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. तंतुमुळे कुजतात, बुंध्याची साल फुटून डिंक वाहतो. हाच ‘डिंक्या’ रोग. मुळेच कुजल्यावर पानांवर जस्त फवारून झाड सावरत नाही. खर्च मात्र वाढतो.

म्हणून फवारणीपूर्वी झाडाखालची थोडी माती उकरून तंतुमुळे पाहावीत. कुजलेल्या मुळाची साल बोटांनी ओढताच निसटते व आतला दोरा उरतो. तसे आढळल्यास प्रथम पाण्याचा निचरा करावा, दुहेरी आळे करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी द्यावी. मात्र ताम्रयुक्त औषधाबरोबर ती देऊ नये, कारण त्याने तीही मरते. मुळे निरोगी असतील, तर माती व पानांची तपासणी करून मगच अन्नद्रव्ये द्यावीत.

सुटीत घरी गेल्यावर आपल्या विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांसमवेत एवढी पाहणी केली, तरी एखादी बाग वाचेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.