पावणेतीन, सव्वाचार, सव्वानऊ

उत्तम प्रतीच्या धान्याच्या तीन पेंढ्या, मध्यमच्या दोन आणि हलक्याची एक झोडपली, तर ३९ मापं दाणे निघतात. दोन, तीन, एक अशा घेतल्या तर ३४. एक, दोन, तीन घेतल्या तर २६. मग प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत दाणे किती?

दहावीतली मुलगी लगेच क्ष, य मांडून एकेका चलाचा लोप करू लागेल. कॉलेजात हीच रीत गाउसच्या नावाने शिकवतात. पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी त्याने १८१० च्या सुमारास सहा अज्ञातं अशीच सोडवली होती. पण पेंढ्यांचं हे कोडं त्याच्याहून दीड हजारांपेक्षा जास्त वर्षांनी जुनं. हान काळातल्या चीनमधल्या ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या ग्रंथात, आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते येतं.

तिथे क्ष नाही, बरोबरची खूणही नाही. आहेत फक्त पटावर मांडायच्या काड्या. एका अटीची एक उभी रांग: वरून खाली ३, २, १ आणि तळाला ३९. कुठला आकडा कुठल्या धान्याचा, हे जागाच सांगते.

आता दुसरी रांग तिप्पट करा: ६, ९, ३, १०२. तिच्यातून पहिली दोनदा काढली की वरची जागा रिकामी. उरले ५, १, २४. तिसरी तिप्पट करून पहिली एकदा काढा: ४, ८, ३९. या उरलेल्या दोघींत हाच खेळ खेळलात की शेवटी ३६ आणि तळाला ९९. हलक्या पेंढीत पावणेतीन मापं! उलट्या पावली वर गेलं की मध्यममध्ये सव्वाचार, उत्तममध्ये सव्वानऊ. (उत्तरं जणू मराठीत सांगण्यासाठीच बेतलेली.)

मला खरी हुशारी त्या तिपटीत दिसते. आधीच भागायला गेलं, तर पहिल्याच पायरीला दोन-तृतीयांश बोकांडी बसतात. इथे अपूर्णांक शेवटच्या भागाकारापर्यंत दारातच थांबतो.

पण वजाबाकी करता करता कधी रिकाम्या जागेतूनच काही काढायची पाळी येते. म्हणून त्याच अध्यायात, तिसऱ्या उदाहरणाशी, धन-ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आहेत. इ. स. २६३ मध्ये लिउ हुई या भाष्यकाराने त्यांची खूण सांगितली: धन काड्या लाल, ऋण काळ्या. आपल्या लाल शाईतल्या तोट्याच्या नेमकं उलट. आणि दोन रंगांच्या काड्या नसतील तर? ऋण काडी तिरकी ठेवायची.