गायक गेला, आवाज कुणाचा?

माणूस जातो, त्याचे गाणे मागे उरते, असे आपण म्हणतो. पण गेलेल्या माणसाच्या आवाजात नवेकोरे गाणे आले तर? २०२४ च्या जानेवारीत चेन्नईत नेमके हेच घडले. ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज वापरले. त्यांपैकी बंबा बाक्या २०२२ मध्ये वारले होते, तर शाहुल हमीद यांना १९९७ मध्येच अपघाती मृत्यू आला होता.

अण्णा नगर असो की कोडंबाक्कम, १९९० च्या दशकात तरुण असलेल्या चेन्नईकराला शाहुल हमीद यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ‘कादलन’ (१९९४) मधल्या ‘ऊर्वशी ऊर्वशी’त त्यांचा आवाज होता. हाच चित्रपट हिंदीत ‘हमसे है मुकाबला’ म्हणून आला आणि ती चाल मुंबई-पुण्यातही घरोघरी पोहोचली. त्यामुळे नवे गाणे ऐकताना काहींचे डोळे पाणावले असतील, तर काहींच्या अंगावर काटा आला असेल. दोन्ही साहजिकच.

आवाजाचा साचा

जुन्या गाण्यांना नवा साज चढवणे आपल्याला नवीन नाही. ‘बॉम्बे’ (१९९५) मधले ‘हम्मा हम्मा’ २०१७ मध्ये ‘ओके जानू’त नव्या ठेक्यावर आलेच. पण आजवर बदलत होते ते वाद्य, ठेका किंवा गायक. आता संगणक थेट आवाजालाच हात घालतो.

सर्वसाधारणपणे हे काम असे चालते : जुन्या ध्वनिमुद्रणातून वाद्ये बाजूला काढून केवळ गळा वेगळा केला जातो. त्या आवाजाचे नमुने ऐकवून संगणकाला त्याची जात, खर्ज, उच्चारांची लकब शिकवतात. मग जिवंत गायक नवे गाणे गातो आणि संगणक त्या गायनावर शिकलेला आवाज चढवतो. सूर-ताल एकाचा, गळा दुसऱ्याचा! गळा वेगळा करण्याच्या अशाच तंत्राने जॉन लेननचा जुन्या कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात तिथे आवाज लेनननेच गायलेला होता. चेन्नईतली गोष्ट त्याच्या एक पाऊल पुढची.

वारसांना विचारले का?

‘लाल सलाम’च्या गाण्यावर टीका होऊ लागताच रहमान यांनी खुलासा केला. दोन्ही गायकांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली असून त्यांना योग्य मोबदलाही दिला आहे, असे त्यांनी सांगितले.

सगळीकडे असे होतेच असे नाही. एस. पी. बालसुब्रह्मण्यम २०२० मध्ये गेले. ‘कीडा कोला’ या तेलुगू चित्रपटात त्यांचा आवाज न विचारता कृत्रिमरीत्या वापरल्याचा आरोप करून त्यांचे पुत्र एस. पी. चरण यांनी २०२४ मध्ये निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली. वडिलांचा आवाज अनपेक्षितपणे पडद्यावरून कानी पडणे मुलाला काय वाटायला लावत असेल, याची कल्पना कोणत्याही घराला करता येईल. प्रश्न केवळ पैशांचा नाही. गेलेला माणूस ‘हे मी गाणार नाही’ असे सांगू शकत नाही, हा खरा पेच आहे.

कायदा काय म्हणतो?

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीला वाट ठेवली आहे. पण मूळ गाणे प्रथम ध्वनिमुद्रित होऊन पाच वर्षे उलटलेली असावीत, आगाऊ सूचना द्यावी, मानधन भरावे, अशा अटींवर. आवाजाच्या नकलेबाबत मात्र न्यायालयांनाच वाट काढावी लागत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाला अंतरिम संरक्षण दिले. परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करू नये, असा या आदेशांचा आशय. पण हे दोघे स्वतः न्यायालयात दाद मागू शकले. जे हयात नाहीत, त्यांच्यासाठी कुटुंबीयांनाच उभे राहावे लागते.

घरच्या घरी रीमिक्स

ही तंत्रे आता स्टुडिओपुरती राहिलेली नाहीत. लग्नाच्या चित्रफितीसाठी गाणे कापणे-जोडणे शाळकरी मूलही मोबाइलवर करते. उद्या एखाद्या घरात आजोबांच्या जुन्या कॅसेटवरून त्यांच्या आवाजात नातवाच्या वाढदिवसाचे गाणे तयार होईल. हौस म्हणून त्यात वावगे काही नाही. मात्र आजी हयात असतील तर त्यांना आधी विचारावे. कुणाला तो आवाज पुन्हा ऐकून दिलासा मिळेल, कुणाची भरत आलेली जखम उघडी पडेल. घरातली वडीलधारी मंडळी असताना त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावेत आणि त्याच वेळी पुढे त्यांचे काय करायचे, हेही त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे. यंत्र गळ्याची नक्कल करील. होकार मात्र माणसाकडूनच घ्यावा लागतो.